पुडक्यांचा रेडिओ आणि न जुळणारा संबंध

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी गच्चीवरील आपली एरिअल दाखवावयास मला घरीं घेऊन गेला. त्याच्याजवळ सरकारी परवाना आहे आणि हौसेखातर तो रेडिओवरून दूरच्या लोकांशीं बोलतो. त्या दिवशीं मात्र संगणकावर अक्षरें टंकून तीं रेडिओच्या द्वारें दोन कोसांवरील मित्राकडे धाडण्याची त्याची खटपट चालली होती. यंत्र दहा वेळां हांक मारी, उत्तर येत नसे, आणि अखेर प्रयत्न संपल्याची सूचना पडद्यावर उमटे. नवल असें कीं, त्याच यंत्रावर तोंडानें बोललें असतां मित्राचा आवाज शेजारच्या खोलींतून यावा इतका स्वच्छ ऐकूं येत होता. आपल्या यंत्राचा जोर अपुरा पडतो अशी त्याची समजूत झाली होती आणि दोन महिन्यांचा पगार खर्चून मोठें यंत्र घेण्याच्या तो बेतांत होता. आवाज पोंचतो आणि अक्षर पोंचत नाहीं, हें कसें? ह्याचा शोध घेतांना ज्या लहानशा इतिहासाची मला ओळख झाली, तो आज श्रोत्यांपुढें ठेवतों.

ह्या इतिहासाचा आरंभ हवाई बेटांत होतो. तेथील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनीं बेटाबेटांवरील यंत्रें मुख्य संगणकास रेडिओनें जोडण्याची योजना आंखली. ती १९७१ च्या जूनमध्यें 'अलोहानेट' ह्या नांवानें चालूं झाली. मजकुराचीं लहान पुडकीं करावयाचीं, प्रत्येकावर पत्ता व तपासणीचा आंकडा घालावयाचा, आणि ज्याला वाटेल त्यानें वाटेल तेव्हां तें सोडावयाचें. पोंच आली नाहीं तर आपलें पुडकें दुसऱ्या पुडक्यावर आदळलें असें समजून, कांहीं वेळ थांबून तें पुन्हां धाडावयाचें. हा 'कांहीं वेळ' प्रत्येकाचा निराळा व अनियमित असला पाहिजे, हीच खरी मेख. वर्गांत दोन मुलें एकदम बोलूं लागतात, एकदम गप्प होतात आणि पुन्हां एकदमच बोलूं लागतात, हा प्रकार मीं पस्तीस वर्षें पाहिलेला आहे. अशा मोकळ्या व्यवस्थेंत मार्गाच्या सामर्थ्याचा फार तर शेंकडा १८ इतकाच भाग कामीं येतो, हें अब्रॅमसन ह्यांनीं गणितानें दाखवून दिलें.

हौशी लोकांनीं ही विद्या लवकरच उचलली. कॅनडांत मॉन्ट्रिअल येथें ३१ मे १९७८ रोजीं त्यांचें पहिलें पुडकें हवेंत गेलें. व्हँकूव्हरच्या मंडळीनें रेडिओ व संगणक ह्यांमध्यें दुभाष्याचें काम करणारी पेटी तयार केली. अमेरिकेंत १९८० सालीं परवानगी मिळतांच डिसेंबरांत हँक मॅग्नुस्की ह्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोजवळ पुडकीं पुढें पाठविणारी चौकी उभारली. १९८४ त 'एएक्स.२५' नांवाचे नियम कायम झाले आणि १९८५ त टुसान येथील मंडळाची सुधारलेली पेटी निघाली. सनावळी येथेंच पुरे करतों. खरी गोडी अडचणींत आहे.

पहिली अडचण माझ्या विद्यार्थ्याचीच. हे रेडिओ बोलण्याकरितां घडविलेले. कळ दाबल्यापासून लहरी पूर्ण जोरानें निघेपर्यंत आणि पलीकडच्या यंत्राचा कान उघडेपर्यंत सेकंदाचा कांहीं अंश जातो. माणसाच्या 'नमस्कारां'तला 'न' गळाला तरी बोध होतो. परंतु सेकंदास १२०० खुणा ह्या नेहमींच्या वेगानें ०.३ सेकंदांत ३६० खुणा, म्हणजे ४५ अक्षरें, निघून जातात. त्यांत पत्ताच नाहींसा होतो. शिवाय एक खूण जरी चुकली तरी तपासणीचा आंकडा जुळत नाहीं, आणि पलीकडची पेटी तें पुडकें मुकाट्यानें टाकून देते. तक्रार करीत नाहीं. म्हणून दोष कोठें आहे हें कोणासच दिसत नाहीं. ह्यावर उपाय म्हणून पेटींत एक आंकडा ठेवलेला असतो: कळ दाबल्यानंतर मजकूर सुरू करण्यापूर्वीं किती थांबावें. त्याचें माप सेकंदाचा शंभरावा भाग. विद्यार्थ्याचा रेडिओ जुना, आणि आंकडा होता १०. तो ४० करतांच पहिल्या हांकेस उत्तर आलें. मोठें यंत्र घेण्याचा बेत अर्थातच राहिला.

दुसरी चूकही जोराचीच. पेटीकडून रेडिओस जाणारे सूर दोन, १२०० व २२०० कंपनांचे. ते मोठे केले म्हणजे दूर पोंचतील असें पुष्कळांस वाटे. प्रत्यक्षांत ते फाटत व ओळखूं येईनासे होत. बटण कमी केलें कीं संबंध जुळे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बोलण्यापूर्वीं मार्ग मोकळा आहे कीं नाहीं हें ऐकावें, ही सुधारणा पुढें आलीच होती. पण डोंगराच्या दोन बाजूंस दोघेजण असले, आणि माथ्यावरची चौकी दोघांस ऐकूं येत असली तरी ते एकमेकांस ऐकूं येत नसले, तर? दोघेही मार्ग मोकळा समजून एकदम पुडकीं सोडतात आणि तीं चौकीवर आदळतात. ह्या 'दडलेल्या स्थानका'चें विवेचन तोबागी व क्लाइनरॉक ह्यांनीं १९७५ सालींच केलें होतें. येथें जोर वाढविणारा स्वतःचें साधून घेतो आणि शेजाऱ्याचें पुडकें मात्र बुडवितो.

शेवटची अडचण अंतराची. वाटेंत चार चौक्या असल्या तर पुडक्याच्या पांच मजला होतात आणि पोंच परत येण्याच्या आणखी पांच. प्रत्येक मजल दहांपैकीं नऊ वेळां सुखरूप पार पडते असें धरलें, तरी दहाही मजला निर्विघ्न पार पडण्याचा योग शंभरांत सुमारें ३५ वेळांच येतो. सुरुवातीच्या चौक्या पुडकें नुसतें पुढें ढकलीत, स्वतः पोंच देत नसत; त्यामुळें चौथ्या मजलेवर हरवलेल्या पुडक्यासाठीं मूळ धाडणाऱ्यास सारा प्रवास पुन्हां आरंभावा लागे. १९८७ त 'नेट-रॉम' ही योजना निघाली. तींत प्रत्येक चौकी पुढच्या चौकीकडून पोंच घेई, आणि चौथ्या मजलेवर गहाळ झालेलें पुडकें चौथ्या मजलेवरूनच पुन्हां निघूं लागलें.