एका शब्दाची किंमत

मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. वर्गात हे सांगितले की मुले हसत. पण असाच एक फसवा शब्द १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या मुलाला भोवला. त्याला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणले. क्यूबन घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितले, 'इन्तोक्सिकादो', म्हणजे खाण्यातून काही बाधले. डॉक्टरांनी ते इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' समजून अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. भरपाई तरी कशी म्हणायची?

दुभाषी बोलावलाच नव्हता, कारण एकमेकांचे समजले असे दोघांनाही वाटले.

ऑस्ट्रेलियात १९७३ मध्येच स्थलांतरितांसाठी दूरध्वनीवरून दुभाषी मिळू लागले होते. १९७७ मध्ये त्यांची पात्रता ठरवणारी संस्थाही निघाली. दुभाष्याला शिकवतात ते असे: पदरचे घालू नका, काही गाळू नका, शंका आली तर थांबवून विचारा. मला तिसरी गोष्ट सर्वांत अवघड वाटते. दोन भाषा घरीदारी येतात. पण जीव टांगणीला असताना 'थांबा डॉक्टर, या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारतो' म्हणण्याचे धैर्य आपोआप येत नाही. ते शिकवावेच लागते, मंडळी.