उजवी सोंड आणि मोबियसची पट्टी

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथेचा विचार मराठी समीक्षेने बहुधा 'विज्ञानप्रसार' या खात्यावर टाकून आटोपला. १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली, ती आपल्या लौकिकाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून. पुढे तोच लौकिक त्यांच्या कथेच्या वाचनाआड आला. केंब्रिजच्या या रँग्लरच्या काही कथांचे अधिष्ठान गणिताच्या तत्त्वज्ञानात आहे, इकडे फारसे लक्ष गेले नाही.

'उजव्या सोंडेचा गणपती' ही अशी एक कथा. डावा व उजवा हात मापाने तंतोतंत सारखे असले, तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. हा भेद अवयवांच्या परस्परसंबंधांत सापडत नसल्याने अवकाशाला वस्तूंहून स्वतंत्र सत्ता असली पाहिजे, असा युक्तिवाद कांटने १७६८ मध्ये केला. चौथी मिती लाभली तर अशा आकृती एकमेकींवर बसतील, हे मोबियसने १८२७ मध्ये नोंदविले. आणि १८९६ मध्ये वेल्सने 'द प्लॅटनर स्टोरी'त एका शिक्षकाला त्या मितीतून उलटा करून परत आणले. नारळीकरांचा नायकही मोबियसच्या पट्टीसारखा पीळ असलेल्या अवकाशातून आरशातील प्रतिमा होऊन येतो. कथाबीज, तेव्हा, नवे नव्हे.

नवी आहे ती मूर्ती. प्लॅटनरचे हृदय उजवीकडे गेले, तरी तो शारीरिक चमत्कारच राहतो. गणपतीची सोंड उजवीकडे वळली की मूर्तीचे मूल्यच पालटते. ती दुर्मिळ ठरते, 'कडक' ठरते, तिचे सोवळे निराळे होते. (पुण्याच्या वाचकाला हे सांगावे लागत नाही.) भूमितीला जो भेद सापेक्ष, तो श्रद्धेला निरपेक्ष; आणि पिळाच्या अवकाशात तर डावे-उजवे सर्वत्र सुसंगतपणे ठरविताच येत नाही. मग सोवळे कोणत्या मूर्तीचे? कथेचा भर शास्त्रीय उलगड्यावर असल्याने या प्रश्नाचा ती पाठपुरावा करीत नाही, ही तिची खरी मर्यादा.

'गंगाधरपंतांचे पानिपत' अधिक धीट आहे. विश्वासरावांना गोळी चाटून जाते, मराठे १७६१ ची लढाई जिंकतात, आणि त्या जगात पुण्याचा एक इतिहासाचा प्राध्यापक जाऊन पडतो. न घडलेल्या शक्यतेला अस्तित्व असते काय, हा प्रश्न येथे तत्त्वचर्चेत न राहता पुराव्याचा होतो. आणि इतिहासकाराच्या हाती पुरावा उरतो तो बखरीचे एक फाटके पान.