नेटवर्क प्रिंटर : कार्यालयातील तारजोडणी

एखाद्या संगणकाच्या आधाराने न राहता स्वतःच्या इथरनेट पोर्टमधून थेट स्विचला जोडलेला आणि कार्यालयातल्या सर्व संगणकांना सारखाच वापरता येणारा प्रिंटर, तो नेटवर्क प्रिंटर. केबल खोचली आणि प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर टाकला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्या दिवसापुरती ती खरीही ठरते. परंतु महिन्याभराने एखाद्या सोमवारी सकाळी सगळ्या टेबलांवर एकदमच ‘प्रिंटर ऑफलाइन’ दिसू लागते, तेव्हा केबल जागच्या जागी असते आणि ड्रायव्हरलाही काही झालेले नसते. बहुतेक वेळा हललेला असतो तो प्रिंटरचा पत्ता. प्रिंटर बसवणे म्हणजे मुळात त्याला कायमचा पत्ता देणे आणि तो पत्ता सर्व संगणकांना सांगणे होय; बाकीची कामे या कामाच्या मागेपुढे येतात. या नोंदीची मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

या दृष्टीला इतिहासाचाही आधार आहे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधनकेंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लेझर प्रिंटर घडवला. त्याच इमारतीत ऑल्टो हे व्यक्तिगत संगणक तयार होत होते. माणशी एक संगणक देणे शक्य होते, माणशी एक लेझर प्रिंटर देणे शक्य नव्हते. सर्व ऑल्टोंना एकमेकांशी आणि त्या एका प्रिंटरशी बोलता यावे, या गरजेतून रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना टिपणाच्या रूपाने मांडली. म्हणजे आज घरोघरी पोचलेल्या या केबलच्या जन्मामागे प्रिंटर सामाईक वापरण्याची अडचण होती. त्या पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला जेमतेम तीस लाख बिट होता. तरीही प्रत्येक यंत्राला आठ बिटांचा स्वतंत्र पत्ता होता आणि प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असे. पुढे १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर आला. तोही अनेक मॅकिंटॉशांनी मिळून वापरावा असाच होता, कारण त्याची सुमारे सात हजार डॉलर किंमत एकट्याला झेपणारी नव्हती. १९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट हे प्रिंटरसाठीचे नेटवर्क कार्ड आणले. मध्यस्थ संगणकाशिवाय थेट तारेवर बसणारा प्रिंटर सर्वसामान्य कार्यालयांत त्यानंतरच रुळला.

केबलविषयी थोडक्यात. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल आणि दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर एवढे पुरते. स्विचपासून प्रिंटरपर्यंतचे एकूण अंतर १०० मीटरच्या आत हवे; भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, असा प्रघात आहे. प्रिंटरच्या पोर्टजवळचा दिवा लागला की तार जोडली गेली. वेगाची काळजी मात्र उगाच केली जाते. ए-४ आकाराच्या कागदावर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने सुमारे साडेतीन कोटी ठिपके बसतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत एका ठिपक्याला एक बिट धरले तर हे साडेचार मेगाबाइटांच्याही आत येते. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जुन्या स्विचवरूनही ते अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते. मिनिटाला ४० पाने काढणारा प्रिंटर एका पानाला दीड सेकंद घेतो. म्हणजे तार प्रिंटरच्या पुढेच धावत असते, आणि ‘प्रिंट सावकाश निघते’ म्हणून गिगाबिट स्विच घेणाऱ्या कार्यालयाला त्या खर्चातून बहुधा काहीच मिळत नाही.

आता पत्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. पहिला कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा मॅक पत्ता. तो माणसाच्या बोटांच्या ठशासारखा, न बदलणारा. दुसरा आयपी पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.३७ अशा चार आकड्यांचा. तो राहत्या घराच्या पत्त्यासारखा, आज इथे तर उद्या तिथे. संगणक प्रिंटरला ओळखतो तो बहुधा या दुसऱ्या पत्त्याने, आणि नवा प्रिंटर खोक्यातून निघतो तेव्हा हा पत्ता राउटरकडून भाड्याने घेण्याची त्याची तयारी असते. ही भाडेपद्धत म्हणजे डीएचसीपी; तिचे आजही चालणारे प्रमाण १९९७ चे आहे. भाड्याला मुदत असते. अनेक छोट्या राउटरांत ती एक दिवसाची, तर विंडोज सर्व्हरवर मुळात आठ दिवसांची असते. मुदत संपण्याआधी यंत्राने नूतनीकरण मागितले की तोच पत्ता पुढे चालू राहतो, आणि राउटरही शक्यतो जुन्या भाडेकरूला जुनेच घर देतो. घोटाळ्याचे बीज या सौजन्यातच आहे. बेफिकिरीने बसवलेला प्रिंटरही आठवडेच्या आठवडे बिनतक्रार चालतो आणि बसवणाऱ्याला आपले काम चोख झाले असे वाटत राहते. मग जोडून तीन दिवस सुट्टी येते, जाताना कोणी प्रिंटर बंद करतो, मुदत सरते, आणि मंगळवारी सकाळी तोच पत्ता कोणा पाहुण्याच्या मोबाइलला मिळून जातो. लाइट गेल्यावरचा प्रकार याहून वेगळा. लेझर प्रिंटर टोनर वितळवण्यासाठी क्षणात खूप वीज ओढतो, म्हणून त्याला सहसा यूपीएसवर ठेवत नाहीत. वीज परत आली की तो लगेच पत्ता मागतो, पण राउटर किंवा स्विच अजून उठायचा असतो. नियंत्रित स्विच तर आपल्या तारांत कुठे वेटोळे झाले आहे का हे तपासण्यात तीसएक सेकंद घालवतो. तेवढ्यात दमलेला प्रिंटर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. प्रिंटरच्या पट्टीवर हे आकडे दिसले तर त्याचा अर्थ एकच : याला राउटर भेटलेला नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, प्रिंटरच्या पॅनेलवरून पत्ता हाताने भरणे. दुसरा, राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवणे. याला रिझर्व्हेशन म्हणतात. हाताने भरण्याच्या बाजूने असे सांगितले जाते की तो पत्ता राउटरवर अवलंबून नसतो, राउटर बदलला तरी टिकतो. हे खरे आहे. पण त्या पद्धतीत तीन आकडे माणसाला बरोबर भरावे लागतात : पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे. गेटवे चुकला तर त्याच मजल्यावरचे संगणक प्रिंट काढू शकतात, पण वरच्या मजल्यावरचे, वेगळ्या सबनेटमधले म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागातले, काढू शकत नाहीत. त्यांचे म्हणणे प्रिंटरपर्यंत पोचते, त्याचे उत्तर परत जात नाही. शिवाय राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच एखादा आकडा हाताने भरला, तर काही दिवसांनी तोच आकडा दुसऱ्याला दिला जाण्याची आणि दोघांचीही खोटी होण्याची शक्यता राहते. रिझर्व्हेशनमध्ये सगळ्या पत्त्यांची वही एकाच जागी राहते, आणि प्रिंटर मूळ स्थितीत रिसेट केला तरी त्याला आपला पत्ता परत मिळतो. म्हणून राउटर स्वतःच्या ताब्यात असेल तर रिझर्व्हेशन श्रेष्ठ. पण अनेक छोट्या कार्यालयांत, पतसंस्थांत, वकिलांच्या चेंबरांत राउटर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या माणसाकडेच राहतो. तिथे हाताने भरण्याला पर्याय नाही. मात्र पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्यावा : राउटर २ ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला २४० द्यावा, आणि तो आकडा प्रिंटरच्या अंगावरच चिकटपट्टीने लावावा.

पत्ता ठरला की ब्राउझरमध्ये तो टाइप करून पाहावा. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे संगणकावरचे. विंडोजने आपणहून शोधून दाखवलेल्या नावावर क्लिक करण्यापेक्षा हाताने जोडण्याचा पर्याय घ्यावा, त्यात टीसीपी/आयपी प्रकार निवडावा आणि राखलेला पत्ता लिहावा. मग प्रश्न येतो कोणत्या रीतीने बोलायचे हा. सर्वांत साधी रीत ९१०० क्रमांकाच्या पोर्टची, जेटडायरेक्टबरोबर रूढ झालेली : जे येईल ते छापायचे, फारसे विचारायचे नाही. आयपीपी ही १९९९ मध्ये प्रथम मांडलेली आणि ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर चालणारी रीत जास्त समंजस आहे. तीत प्रिंटर आपल्याला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येते का, हे स्वतःच सांगतो. ड्रायव्हरचे महत्त्व यामुळे घटत चालले आहे. अ‍ॅपलचे एअरप्रिंट २०१० मध्ये आले ते ड्रायव्हरविना छापण्यासाठीच, आणि प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचे मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केले. ड्रायव्हर जाईल, पत्ता राहील. मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जोडाक्षरे तुटली, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, तर बोल प्रिंटरला लावला जातो. पण देवनागरी अक्षरांची जुळणी संगणकावरच होते आणि प्रिंटरकडे जातात ते तयार आकार. सामान्य प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्ट नसतो. दोष शोधायचा तो संगणकावरच्या फॉन्टमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये.

या सगळ्यावर मोठा आक्षेप असा की पत्त्याचा हा सोस जुनाट आहे. आता यंत्रे एकमेकांना नावाने शोधतात. आक्षेपात तथ्य आहे, आणि ती कल्पना दिसते तेवढी नवीही नाही. लेझररायटर ज्या अ‍ॅपलटॉकवर चाले तिथे यंत्र आपला क्रमांक स्वतः निवडी आणि वापरणारा फक्त नाव पाही. आजचे बॉनजूर त्याच विचाराचे वारस. पण नावाने मारलेली ही हाक त्याच सबनेटमधल्या यंत्रांपर्यंतच पोचते. एका खोलीच्या कार्यालयात ती पुरते. हिशेब विभाग एका व्हीलॅनवर आणि आवक-जावक दुसऱ्या व्हीलॅनवर, म्हणजे वेगवेगळ्या सबनेटमध्ये, असेल तर राउटर ही हाक पुढे जाऊ देत नाही. विंडोजने शोधून जोडलेल्या डब्ल्यूएसडी पोर्टबाबतही प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसण्याची तक्रार नेहमीची आहे. मग कोणीतरी प्रिंटर पुन्हा जोडतो, यादीत तेच नाव ‘कॉपी १’ अशा शेपटासह उमटते, मुळातली निवड मात्र जुन्याच नावावर राहते आणि निम्म्या प्रिंटा कुठेच निघत नाहीत. २०२१ च्या मध्याला विंडोजच्या छपाईसेवेतली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर त्रुटी उघड झाल्यापासून ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला. म्हणजे पत्ता हलल्याची किंमत आता दर वेळी हार्डवेअरवाल्याची वाट पाहण्यात मोजावी लागते.

प्रिंटर यूएसबीने एका संगणकाला जोडून तिथून शेअर करावा, असे काटकसरीचे मत आढळते. पत्त्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, तो त्या संगणकाच्या माथी जातो. शिवाय त्या टेबलावरची व्यक्ती रजेवर गेली की कार्यालयाची छपाई रजेवर जाते. वायफायने जोडावा, हे मत घरात ठीक; कार्यालयात पासवर्ड बदलताना प्रिंटरची आठवण कोणाला राहत नाही. पक्का पत्ता दिला की प्रिंटर परक्यांच्या हाती सापडतो, ही भीती मात्र नीट तपासण्याजोगी आहे. २०१८ च्या अखेरीस एका यूट्यूब वाहिनीचा प्रचार करणारे कागद जगभरातल्या हजारो प्रिंटरांतून आपोआप बाहेर पडले, ते ९१०० पोर्टच्याच वाटेने. पण ते प्रिंटर थेट इंटरनेटला उघडे होते, १९२.१६८ च्या खाजगी पट्ट्यातला पत्ता बाहेरून दिसतच नाही, तो पक्का असो की भाड्याचा. धोका येतो राउटरमध्ये त्या पोर्टला बाहेरून वाट करून दिल्याने आणि प्रिंटरच्या पानाचा कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवल्याने. दोन्ही टाळणे हातातले आहे.

बिघाड शोधतानाही पत्त्यापासूनच सुरुवात करावी. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा अहवाल छापून घ्यावा आणि त्यावरचा आकडा संगणकाच्या पोर्ट यादीतल्या आकड्याशी जुळवावा. जुळत नसेल तर शोध तिथेच संपतो. जुळत असेल तर पिंग करून पाहावे. पण पिंगला उत्तर आले म्हणजे प्रिंटरनेच दिले असे नाही, त्या पत्त्यावर आता भलतेच कोणी राहत असू शकते. म्हणून ब्राउझरमध्ये प्रिंटरचे पान उघडते का हेच पाहावे. पान उघडते, तरीही संगणक ऑफलाइन म्हणतो, तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्थितीची खूण काढून पाहावी; प्रिंटरने या चौकशीला उत्तर दिले नाही की विंडोज त्याला गैरहजर मांडते. प्रिंटर बदलण्याची वेळ येते तेव्हा नव्या यंत्राचा मॅक पत्ता वेगळा असतो, म्हणून रिझर्व्हेशनच्या वहीत जुन्याच्या जागी नवा मॅक लिहावा आणि आयपी पत्ता तोच ठेवावा. मग संगणकांना पोर्ट बदलावे लागत नाही. नवे यंत्र वेगळ्या कंपनीचे असेल तर फक्त ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि दोन्ही ठिकाणी आयपीपी वापरले असेल तर बहुधा तोही लागत नाही.