तीन पाडवे आणि तमाशाचा हंगाम

तमाशाच्या धंद्याचं वर्ष गुढीपाडव्यावर तोललेलं असतं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात पाडव्याच्या बरंच आधी फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत वही घेऊन बसलेला व्यवस्थापक आणि समोर गावोगावचे पंच. कोणाच्या ग्रामदैवताची जत्रा चैत्र पौर्णिमेला, कोणाची अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पंच तिथी सांगतात, फडात कलावंत किती, गाड्या किती, यंदा वग कोणता हे विचारतात, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते. पुणे, नगर, नाशिक, सातारा या पट्ट्यातल्या कितीतरी जत्रा अशा मोजक्या दिवसांत फडांमध्ये वाटल्या जातात. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. २०२१चा पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच संध्याकाळी राज्य सरकारने दुसऱ्या लाटेतले कडक निर्बंध जाहीर केले. २०२२चा पाडवा २ एप्रिलला होता आणि त्या दिवसापासून राज्यातले साथीचे निर्बंध उठले. साथीच्या पंचांगाने तमाशाच्या पंचांगातले नेमके कमाईचे दिवस सलग दोन वर्षं पुसून टाकले.

या काळाबद्दल आता एक वाक्य सरसकट ऐकू येतं: करमणुकीच्या क्षेत्राने साथीशी जुळवून घेतलं. सिनेमा ओटीटीवर गेला, मालिकांनी चित्रीकरणाची नवी ठिकाणं शोधली, नाटकवाल्यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रयोग लावले. यातलं काहीच खोटं नाही. पण हे वर्णन टिकलेल्यांनी केलेलं आहे आणि टिकलेल्यांपुरतंच खरं आहे. साथीने करमणुकीची दारं बंद झाली, की पहिला बदल होतो तो मालकीत. कलेच्या रूपात जो बदल होतो तो मागून येतो. ज्याच्याजवळ थांबून राहण्याइतका पैसा किंवा पाठीराखा असतो तो थांबतो, आणि ज्याच्याजवळ नसतो त्याची जागा, त्याचे कलावंत, त्याचा प्रेक्षक पुढे त्या पहिल्याकडे जातो. हे आजच घडलं असं नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये ते इतकं स्पष्ट दिसतं, की आपल्याकडचं चित्र समजून घ्यायला तिकडे थोडं थांबायला हवं.

जून १५९२मध्ये लंडनची नाटकघरं दंग्याच्या निमित्ताने बंद झाली आणि मग प्लेगने ती उघडू दिली नाहीत. हिवाळ्यातले थोडे आठवडे सोडले तर १५९४च्या उन्हाळ्यापर्यंत राजधानीत नियमित नाटक झालं नाही. पुढे तर नियमच ठरला: प्लेगने मरणाऱ्यांचा आठवड्याचा आकडा तिसाच्या, नंतरच्या काळात चाळीसाच्या वर गेला, की नाटक बंद. मंडळ्या दौऱ्यावर निघाल्या. त्या दौऱ्यावरून एडवर्ड ॲलिन या नटाने ऑगस्ट १५९३मध्ये ब्रिस्टलहून बायकोला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. घर स्वच्छ ठेव, दारात रोज पाणी टाक, खिडक्यांत सताप ठेव, असं तो तिला बजावतो. आणि सप्टेंबरात परसातल्या वाफ्यात पालक पेरायलाही सांगतो. ॲलिनला हे सुचू शकलं, कारण त्याचा सावत्र सासरा फिलिप हेन्स्लो हा रोझ नाटकघराचा मालक होता. याच हेन्स्लोने पुढच्या महिन्यात जावयाला कळवलं, की अर्ल ऑफ पेम्ब्रोकची नाटक मंडळी दौऱ्याचा खर्च न निघाल्याने पाच-सहा आठवड्यांपूर्वीच परतली आहे आणि तिला आपले पोशाख गहाण टाकावे लागले आहेत. त्या काळी पोशाख ही मंडळीची सर्वांत मोठी मालमत्ता होती. पोशाख गेले म्हणजे धंदा गेला. १५९४मध्ये नाटकघरं उघडली तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर दोनच मंडळ्यांचं वर्चस्व उरलं होतं. त्यातली एक ॲलिनची आणि दुसरी शेक्सपियर ज्यात भागीदार होता ती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला होता: बंदीनेच तर शेक्सपियरला लिहायला वेळ दिला. १५९३मध्ये त्याचं ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे दीर्घकाव्य छापून आलं, आणि ‘किंग लिअर’ही प्लेगच्या काळातलं मानलं जातं. पण तो लिहू शकला तो कशाच्या बळावर? दीर्घकाव्य त्याने एका तरुण उमरावाला अर्पण केलं होतं, म्हणजे नाटक बंद पडताच त्याने आश्रयदाता शोधला होता. पुढे १६०३पासून त्याच्या मंडळीवर खुद्द राजाची मोहर होती. त्या वर्षीच्या प्लेगने लंडनमधली तीस हजारांवर माणसं नेली, नाटकघरं वर्षभर मिटली, आणि फेब्रुवारी १६०४मध्ये राजाने बंदीमुळे झालेल्या नुकसानीपोटी या मंडळीला तीस पौंड दिले. १६३६-३७च्या लांब बंदीत याच मंडळीला राजाकडून आठवड्याला वीस पौंड मिळत होते. त्याच काळात राणीच्या नावाने चालणारी मंडळी मात्र फुटली. प्रतिभा शेक्सपियरची होतीच. पण पेम्ब्रोकच्या मंडळीतही नट-लेखक असतीलच, आणि त्यांनी बंदीत काय लिहिलं असतं हे कोणालाच कधी कळणार नाही. वाचलेल्या एकाचं उदाहरण देऊन बुडालेल्यांचा हिशेब मिटवता येत नाही.

अमेरिकेत १९१८च्या इन्फ्लुएन्झाने हेच सिनेमाच्या बाबतीत केलं. ऑक्टोबरात शहरामागून शहराने चित्रपटगृहं बंद केली आणि निर्मात्यांच्या राष्ट्रीय संघटनेने नवे चित्रपट काही आठवडे रोखून धरले. एकेक चित्रपटगृह चालवणारे छोटे मालक भाडं आणि पगार यांच्या कात्रीत सापडले. १९१९मध्ये अडॉल्फ झुकरच्या कंपनीने भांडवल बाजारातून एक कोटी डॉलर उभे केले आणि चित्रपटगृहं विकत घ्यायला सुरुवात केली. साथ हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं. वितरणातली चुरस आधीपासून होती. पण विकायला तयार असलेले थकलेले मालक साथीने पुरवले. निर्मिती, वितरण आणि पडदा एकाच हाती एकवटण्याची ती पद्धत मोडायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४८ उजाडावं लागलं. त्या निकालातून आलेली बंधनं संघीय जिल्हा न्यायालयाने उठवली ती ऑगस्ट २०२०मध्ये, पुढच्या साथीच्या ऐन मध्यात.

आता पुन्हा राहुटीकडे. मोठ्या ढोलकी फडात शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त माणसं असतात: नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, वगातले नट, स्वयंपाकी, ट्रकचे चालक, तंबू ठोकणारे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण पैसा त्याआधीच लागतो. कलावंताला बांधून घ्यायचं तर मालकाला उचल द्यावी लागते. पावसाळा त्याच उचलीवर कलावंताच्या घरी निघतो आणि मग हंगामभर ती कामातून फिटते. मालक ही रक्कम बहुधा व्याजाने आणतो. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तंबूत तिकिटावर होणाऱ्या खेळांतून रोजचा खर्च आणि डिझेल कसंबसं निघतं. कर्ज फिटतं आणि चार पैसे उरतात ते चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर. मार्च २०२०मध्ये बंदी आली तेव्हा खर्च जवळजवळ सगळा होऊन गेला होता आणि कमाई सगळी पुढे होती. साथ दिवाळीत आली असती तर तोटा झाला असता. पाडव्याला आली म्हणून कर्ज अंगावर राहिलं, मालकाचं सावकाराकडे आणि कलावंताचं मालकाकडे. दुसऱ्या वर्षी तेच घडलं. दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, कांताबाई सातारकर गेल्या. तमाशाच्या तंबूत आयुष्य काढलेल्या या कलावतीला आपल्या फडाचा पुढचा हंगाम पाहायला मिळाला नाही.

या तुलनेत पडद्याच्या धंद्याने जुळवून घेतलं, हे मान्यच करायला हवं. १२ जून २०२०ला ‘गुलाबो सिताबो’ चित्रपटगृहांना वगळून थेट ओटीटीवर आला. राज्याने मे अखेरीस चित्रीकरणाला परवानगी दिली तेव्हा पासष्टीपुढच्या कलाकारांना मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा मराठी मालिका गोव्यात गेल्या, आणि गोव्याने मे महिन्यात परवानग्या मागे घेतल्यावर आणखी पुढे गेल्या. वाहिनीला जाहिरातीचे पैसे येत होते म्हणून निर्मात्याला माणसं हलवणं परवडलं. मराठी नाटकाचं याहून अवघड झालं. ५ नोव्हेंबर २०२०ला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनीच, नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. निम्म्या खुर्च्या विकायच्या आणि प्रयोगाचा खर्च मात्र पूर्ण. एप्रिलमध्ये पडदा पुन्हा पडला तो २२ ऑक्टोबर २०२१ला उघडला. मधल्या काळात ऑनलाइन प्रयोगांसाठी ‘नेटक’ हे नाव रुजू पाहत होतं, आणि त्या रंगकर्मींच्या जिद्दीला मान द्यायलाच हवा. पण त्यातून रंगमंच कामगारांची, नेपथ्य वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्याची, पडदा ओढणाऱ्याची रोजी निघत नव्हती. तमाशाला तर हाही मार्ग नव्हता. जत्रेचा तमाशा गाव वर्गणी काढून आणतो, देवापुढचा खेळ म्हणून. मोबाइलवर दिसणाऱ्या बतावणीसाठी कोणतं गाव वर्गणी काढेल? आणि चित्रपटगृहांच्या बाबतीत शेवट तोच झाला जो १९१९मध्ये झाला होता. २७ मार्च २०२२ला देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी विलीनीकरण जाहीर केलं आणि पंधराशेहून जास्त पडदे एका कंपनीकडे आले.

तमाशा तसाही उतरणीला लागला होता, साथीने फक्त धक्का दिला, असं म्हणणारे बरेच आहेत. ऑर्केस्ट्रा, डीजे, मोबाइल यांनी फडांचे प्रेक्षक कमी केले होते हे खरं. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचंही बोलपटांनी असंच झालं, तेही कोणत्याही साथीविना. पण त्या वेळी एक दार मिटताना दुसरं उघडत होतं. केशवराव दाते रंगभूमीवरून प्रभातच्या चित्रपटांत गेले. खुद्द बालगंधर्वांनी १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त काम केलं. कलावंताचं कसब नव्या ठिकाणी विकलं जात होतं, कमी-जास्त भावाने का होईना. साथीत सगळी दारं एकाच दिवशी मिटली. हळूहळू ओसरणाऱ्या धंद्यातला माणूस मुलाला दुसऱ्या वाटेला लावतो, गाडी विकतो, फड लहान करतो. हे करायला वेळ लागतो, आणि २०२०ने तो दिला नाही. शिवाय धंदा उतरणीला लागलेला होता, तर धक्का सोसायची त्याची ताकद आधीच कमी होती. हे मदत नाकारायचं कारण होऊ शकत नाही, ते मदतीची निकड वाढवणारं कारण आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: माणसं मरत असताना जत्रा बंद ठेवणं भागच होतं. होतंच. लंडनचे कारभारी काय किंवा आपलं सरकार काय, गर्दी थांबवण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता. प्रश्न त्या निर्णयाच्या खर्चाचा आहे. बंदीने वाचलं सगळं गाव, आणि तिची किंमत मोजली फडाने. ऑगस्ट २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५६ हजार कलावंतांना एकवेळ प्रत्येकी ५ हजार रुपये द्यायला मान्यता दिली. बंदीला तोवर १७ महिने झाले होते. म्हणजे महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत. नुकसान मोजायचं कसं, हा प्रश्न तमाशापुरता तरी अवघड नव्हता. मागच्या हंगामातल्या सुपाऱ्या मालकांच्या वह्यांत लिहिलेल्या असतात, आणि ज्या गावांनी त्या दिल्या त्या गावांकडूनही पडताळून पाहता येतात. त्यातला ठरावीक हिस्सा बिनव्याजी कर्ज म्हणून जरी पहिल्या पावसाळ्याआधी मिळाला असता, तरी उचलीचं चक्र तुटलं नसतं.

यासाठी नवा कायदाही लागत नव्हता. १३ मार्च २०२०ला महाराष्ट्र सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १८९७चा साथरोग कायदा मुळात मुंबईतल्या प्लेगसाठी घाईने केलेला आहे. जुलै १८९६मध्ये वॉटसन हॉटेलात मुंबईने पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली, सप्टेंबरात मांडवीत प्लेगचं निदान झालं आणि फेब्रुवारीत कायदा आला. तो इंग्रज सरकारने केला होता आणि पुण्याने त्याच वर्षी त्याच्या अंमलबजावणीचा जाच भोगला. तरीही त्या कठोर कायद्याच्या दुसऱ्या कलमात, उपाय योजण्याच्या अधिकारासोबतच, त्या उपायांचा खर्च आणि द्यायची झाल्यास नुकसानभरपाई कोणी व कशी सोसायची हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. फडांच्या बाबतीत कलमाचा पहिला भाग दोन हंगाम वापरला गेला. दुसरा भाग वापरायला आजही कोणाची आडकाठी नाही.