धामधुमीचे शब्द

‘लग्नघरांत धामधूम चालली आहे’ असें आपण म्हणतों, तेव्हां डोळ्यांपुढें मांडव, सनई आणि पंगती येतात. परंतु अडीचशें वर्षांपूर्वीं एखाद्या पाटलाच्या कानीं ‘मुलखांत धामधूम आहे’ अशी वार्ता आली, तर तो मांडव घालीत नसे. दाणागोटा पेवांत लपवून, बायकापोरें आणि गुरें घेऊन डोंगराची वाट धरी. जुन्या मराठी कागदांत धामधूम म्हणजे फौजांच्या येण्याजाण्यानें मुलखाची होणारी दैना. राज्याचा धाक उडाला आणि ज्याच्या हातीं भाला तोच धनी झाला, कीं त्या अवस्थेला ‘भालेराई’ म्हणत. भालेराई कोशांत पडून राहिली. धामधूम मात्र मंगलकार्यांत शिरली.

‘गर्दी’ची कथा याहून विलक्षण आहे. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणारा गृहस्थ ‘आज फार गर्दी होती’ म्हणतो, तेव्हां त्याचा सदरा चुरगळलेला असतो, इतकेंच. जुन्या मराठींत गर्दी होणें म्हणजे धूळधाण उडणें, कापाकापी होणें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, हजारों माणसें मारलीं गेलीं. त्या संहारास ‘भाऊगर्दी’ हें नांव पडलें. ज्या घरांतला माणूस उत्तरेस गेला तो परतलाच नाहीं, त्या घरांत हा शब्द कोणी मोठ्यानें उच्चारीत नसेल. आतां आपण ‘दिवाळी अंकांची भाऊगर्दी’ म्हणतों. एकदां परीक्षेंत एका मुलानें ‘भाऊगर्दी म्हणजे पुष्कळ भावांचें एकत्र येणें’ असें लिहिलें होतें. मीं त्याला शून्य दिलें. आज वाटतें, अर्धा गुण द्यावयास हवा होता. तो शब्द त्याच्यापर्यंत तसा पोंचविला आपणच. हिंदीच्या वाटेनें आलेल्या ‘गुंडागर्दी’ या शब्दांत मात्र जुनी धग अद्याप शिल्लक आहे.

हे सारे शब्द सोसणाऱ्यांचे. दुसरे कांहीं शब्द पाहणाऱ्यांचे असतात, आणि तेथें नांव कोण ठेवतो यास महत्त्व येतें. १८५७ सालचें ‘शिपायांचें बंड’ सावरकरांच्या १९०९ सालच्या ग्रंथानें ‘स्वातंत्र्यसमर’ झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. मला त्याहून १८७५ सालची गोष्ट अधिक बोलकी वाटते. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्यें, आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला. परंतु सरकारी सारा वाढला आणि सावकाराचें व्याज कांहीं थांबेना. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठलीं, आणि रोखे व खतें बाहेर काढून त्यांची होळी केली. हें लोण पुढें नगर जिल्ह्यांतही पोंचलें. पुष्कळ ठिकाणीं कर्जाचे कागद हातीं पडले कीं जमाव निवळत असे. सरकारनें याला ‘दख्खनचे दंगे’ असें नांव दिलें, आणि वर्गांत आम्हींही तेंच पढविलें. ‘दंगा’ म्हटलें कीं कारण विचारण्याचें कारणच उरत नाहीं. तरी सरकारला तें विचारावें लागलें. चौकशी झाली आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांस कर्जापासून थोडेंबहुत संरक्षण देणारा कायदा आला. आतां पुस्तकांत त्याच घटनेस ‘उठाव’ म्हटलेलें आढळतें. कागद तेच, राख तीच.

आमच्या भागांत तर असा एक शब्द रोज कानावर पडे. ‘फाळणी’ हा मूळचा गांवकीच्या हिशेबांतला शब्द; पट्टीची रक्कम घरोघर वांटून देणें ती फाळणी. १९४७ सालीं देश वांटला गेला, तेव्हां आपण हाच हिशेबी शब्द त्याला लावला. सिंधमधून निघालेलीं हजारों कुटुंबें कल्याणजवळ, दुसऱ्या महायुद्धांत लष्करासाठीं उभारलेल्या बराकींत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. नांव नदीचें, आणि सुंदर. पण लोकांच्या तोंडीं ‘कॅम्प’ राहिला तो राहिलाच, आणि तेथें राहणारा ‘निर्वासित’. निर्वासित म्हणजे घराबाहेर घालविलेला. सरकारी ‘विस्थापित’ ऐकून तर एखादें कपाट हलविल्यासारखें वाटतें. ‘शरणार्थी’ हा शब्द त्यांतील अनेकांना बोंचे. आम्ही ‘पुरुषार्थी’ आहोंत, असें ते म्हणत.

१९८५च्या सुमारास अंबरनाथच्या वर्गांत हा धडा शिकवितांना एका मुलाकडे बोट दाखवून मीं म्हणालों, ‘हा पाहा, आपल्या वर्गांतला निर्वासित.’ मुलें हंसलीं. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, आजोबा आले होते. माझा जन्म कॅम्प चारचा.’ मीं फळ्याकडे वळलों. त्या मुलाची क्षमा मागावयाची राहून गेली.

२० ऑगस्ट २०२४ रोजीं बदलापूर स्थानकांत रुळांवर माणसें उतरलीं. शाळेंत दोन अजाण बालिकांवर झालेल्या अत्याचाराच्या बातमीनें गांव पेटलें होतें. सुमारें दहा तास गाड्या अडल्या. सायंकाळीं पोलिसांनीं लाठीमार करून रूळ मोकळे केले. त्यानंतर जो तो आपापला शब्द घेऊन आला. कोणी ‘उद्रेक’ म्हणालें; हा शब्द मूळचा वैद्यांचा, पित्ताचा उद्रेक होतो तो. कोणी ‘जनक्षोभ’, कोणी ‘आंदोलन’, कोणी ‘हुल्लड’. गाडींत अडकलेल्यांच्या लेखीं तो ‘खोळंबा’ होता, आणि त्यांचेंही खोटें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पांच वर्तमानपत्रें पुढें मांडून मीं हे शब्द टिपून घेत होतों. जुनी खोड. इतक्यांत शेजारच्या आजी आल्या. त्यांची नात बालवर्गांत जाते. त्यांना विचारलें, ‘आजी, काल हें काय झालें म्हणायचें?’

त्या म्हणाल्या, ‘काय व्हायचंय मास्तर? आया घराबाहेर आल्या.’