लेखन-अडचणींचे निदान

विद्यार्थ्याला लिहिताना येणाऱ्या अडचणीचे मूळ कारण शोधण्याची शैक्षणिक प्रक्रिया. वहीतली चूक हे केवळ लक्षण असते. एकच चूक दृष्टिदोषातून, अपरिचित भाषेतून, बुडालेल्या शाळेतून किंवा अध्ययन अक्षमतेतूनही उद्भवते. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा असल्याने कारण तपासण्याआधी मुलाला ‘कच्चा’ ठरवणे अन्यायाचे आहे.

पालघर जिल्ह्यातील पार्श्वभूमी : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ही कारणे अनेकदा एकाच वर्गात एकत्र येतात. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या भागांत अनेक मुलांची घरची बोली वारली किंवा कोकणा असते, किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी बोलल्या जातात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुले मराठी शाळेत बसतात. वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर पाडा सोडणाऱ्या मुलांचे दिवाळीनंतरचे शिक्षण खंडित होते. अशा मुलाची अनुपस्थिती आणि त्याची आकलनशक्ती या दोन बाबी वेगळ्या मोजाव्या लागतात.

वर्गातील सराव : शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली ‘लिटरसी रिसर्च इन इंडियन लँग्वेजेस’ या प्रकल्पाने २०१३ ते २०१६ या काळात पालघरमधील वाडा तालुक्यात मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा अभ्यास केला. वर्गातले लेखन बहुतांशी फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवण्यापुरते असते आणि मुलांना स्वतःचे म्हणणे मांडायची संधी फार थोडी मिळते, असे त्यात दिसले. म्हणून निदानात मुलाच्या क्षमतेबरोबर त्याला मिळालेले अध्यापनही तपासावे लागते. वाडा तालुक्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था प्राथमिक वर्गांतील वाचन-लेखनावर काम करते.

तपासणीची रीत : एकाच परिचित विषयावर मुलाकडून चार कामे करून घेतात : तोंडी सांगणे, पाहून लिहिणे, श्रुतलेखन आणि मनाने लिहिणे. पाहून लिहितानाच हात अडखळत असेल, तर डोळे, बोटांची पकड आणि हाताचे नियंत्रण आधी तपासावे. पाहून लिहिलेले सुबक पण श्रुतलेखनात काना-मात्रा गळतात, जोडाक्षरे मोडतात, अशा वेळी श्रवण तपासून अक्षर-ध्वनी संबंधाकडे लक्ष द्यावे. श्रुतलेखन जमते, मनाने मात्र दोन ओळीही होत नाहीत, तेथे मांडणीचा सराव अपुरा असू शकतो. घरच्या बोलीत भरभरून सांगणारे मूल प्रमाण मराठीत गप्प होत असेल, तर अडचण भाषेच्या अंतराची आहे आणि त्याच्या बोलीतले शब्द वहीत येऊ देणे ही उपायाची सुरुवात ठरते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वेगळ्या नोंदवाव्यात. शब्दाच्या शेवटी इकार-उकार सहसा दीर्घ लिहिणे हा लेखनसंकेत आहे, तो उच्चारावरून नेहमी कळत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, काही आठवड्यांच्या वह्या एकत्र पाहाव्यात.

अक्षमतेचा विचार : चांगले अध्यापन, नियमित हजेरी आणि पुरेसा सराव मिळूनही अडचण टिकली, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची चाचणी योग्य ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिचा समावेश असून डिस्लेक्सिया आणि लेखनाशी निगडित डिसग्राफिया तिच्याखाली येतात. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचाही समावेश आहे. दृष्टी-श्रवणाच्या प्राथमिक तपासणीसाठी २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शाळांना उपलब्ध आहे. अक्षमतेच्या प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. या सवलती मुलाच्या हक्काच्या आहेत.

वारसा : आजच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेसारखे प्रयोग केले. गुरे राखणाऱ्या मुलापर्यंत शाळाच पोहोचवणाऱ्या या कामाने मूल न शिकण्याचे कारण त्याच्या परिस्थितीत शोधले. लेखनाच्या निदानालाही हीच दिशा लागू पडते : शाळा, भाषा, शरीर आणि घर यांची छाननी झाल्यानंतरच दोष मुलात आहे का, हा प्रश्न विचारावा.