महायुद्धावर गेलेले पणजोबा परत आले नाहीत. त्यांची नोंद कशी शोधायची?

'आजोबांचे वडील लढाईवर गेले, ते परत आलेच नाहीत.' नागपूर, कामठी, भंडारा, चंद्रपूर भागातल्या काही घरांत एवढीच आठवण उरलेली असते. पलटण कोणती, मृत्यू कुठे झाला, तारीख कोणती, हे कुणालाच माहीत नसते. तिथी ठाऊक नसल्याने सर्वपित्री अमावस्येला पान वाढले जाते.

पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीय सैन्यसेवेत होते. त्यातले ७४ हजारांहून अधिक मरण पावले. दुसऱ्या महायुद्धात ही संख्या सुमारे २५ लाख आणि ८७ हजार होती. यातल्या बऱ्याच जणांची नोंद आज घरबसल्या शोधता येते.

सुरुवात घरातून करा

सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे सैनिक क्रमांक आणि पलटणीचे नाव. जुनी ट्रंक, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रे तपासा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या युद्धातल्या मृतांच्या कुटुंबांना सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचे कांस्यचक्रही दिले जाई. त्यावर फक्त नाव असे, हुद्दा नसे.

मोफत ऑनलाइन यादी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नावे आहेत. शोध मोफत आहे, त्यामुळे त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नोंदीत हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे नाव मिळते. कधी कधी वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही असते.

या यादीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यूच येतात. युद्धातून परतून नंतर घरी वारलेले सैनिक साधारणपणे त्यात नसतात. आझाद हिंद सेनेची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावी लागतात.

नाव सापडत नसेल तर

इंग्रज कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले. त्यामुळे आडनाव गाळलेले असू शकते. इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा, किंवा पलटण आणि वर्ष निवडून यादी चाळा. गावांची नावेही जुनी असतात: चंद्रपूरऐवजी 'चांदा', कामठीऐवजी 'कँप्टी'. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, त्यामुळे 'सी. पी.' असा उल्लेख दिसतो.

पलटणींची नावेही बदलली. १९२२ च्या फेररचनेत '११७ महरट्टा' ही पलटण पाचव्या महरट्टा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. '१११ महार' १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे.

स्मारक म्हणजे कबर नव्हे

ज्यांचा मृतदेह सापडला नाही किंवा ज्यांचे दहन झाले, त्यांची नावे स्मारकावर असतात. फ्रान्समधल्या नव्ह शापेल येथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. म्यानमारमधल्या रंगून स्मारकावर सुमारे २७ हजार नावे आहेत. इराकमधल्या बसरा स्मारकावर मात्र भारतीय शिपायांची नावे न कोरता रेजिमेंटनिहाय केवळ आकडे लिहिले गेले.

पलटणीच्या दफ्तराकडे

प्रत्येक रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय वेगळे असते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. इथे नागपूरकरांची गफलत होऊ शकते. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठीत उभी राहिली, पण कामठीत आज गार्ड्सचे केंद्र आहे. म्हणून महार रेजिमेंटची चौकशी सागरलाच करावी. जुनी सेवापत्रके मुदतीनंतर नष्ट केली जातात. 'लाँग रोल' ही नोंदवही मात्र ठेवली जाते. अर्जात तिचा उल्लेख करा. अर्ज कुठे करायचा हे कळत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते.

मृत्यूची तारीख मिळाली की पलटण त्या दिवशी कुठे होती हेही शोधता येते. पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या युद्ध-रोजनिशा लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यातल्या अनेक ऑनलाइन आहेत.

पोस्ट करण्याआधी

एकाच नावाचे अनेक शिपाई असत. वडिलांचे नाव, गाव, क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय 'हेच आमचे पणजोबा' असे जाहीर करू नका. नाव मिळाले नाही, तरी ते युद्धावर गेलेच नव्हते असा अर्थ होत नाही. पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असे कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये म्हटले आहे. त्यात आफ्रिका आणि पश्चिम आशियात सेवा केलेल्यांची संख्या मोठी आहे. पुरावा असेल तर नोंद दुरुस्त करण्यासाठी किंवा नवे नाव जोडण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो.